सांधे न लपवणारी घरं

कॅलिफोर्नियातल्या पॅसाडेना शहरात वेस्टमोरलँड प्लेस नावाचा एक आखूड रस्ता आहे. तिथल्या ४ क्रमांकाच्या घराचा जिना पाहायला जगभरातून माणसं येतात. जिना सागवानी आहे आणि ते सागवान ब्रह्मदेशातून आलेलं. कठडा सरळ तिरका चढत नाही. पायऱ्यांबरोबर तोही टप्प्याटप्प्याने वर जातो. प्रत्येक टप्प्यावर दोन लाकडं एकमेकांत बोटं गुंफावीत तशी अडकवली आहेत. सांधा झाकायला वरून पट्टी मारलेली नाही. सगळ्या कडा घासून गोलसर केल्या आहेत. लाकूड कुठे संपतं, दुसरं कुठे सुरू होतं, दोघं एकमेकांना कशी धरून आहेत, हे सगळं उघड्या डोळ्यांना दिसतं.

हे गॅम्बल हाऊस. १९०८ साली काम सुरू झालं आणि १९०९ मध्ये घर उभं राहिलं. अमेरिकेत ज्यांना क्राफ्ट्समन घरं म्हणतात, त्यांतलं हे सर्वांत नावाजलेलं. साधारण १९०० ते १९३० या काळात अशी घरं अमेरिकेभर बांधली गेली. बसकं, कमी उताराचं छप्पर. खूप पुढे आलेली वळचण. तिच्याखाली उघडी दिसणारी वाशांची टोकं. दगडी किंवा विटांच्या जोत्यावर उभे, वर निमुळते होत जाणारे खांब आणि त्यांच्या आधाराने ऐसपैस ओसरी. आत शिरलं की फायरप्लेस, भिंतीतच बसवलेली पुस्तकांची कपाटं, खिडकीखालची बैठक. बैठकीची खोली आणि जेवणाची खोली यांच्यामध्ये बंद भिंत नाही. व्हिक्टोरियन काळातल्या नक्षीदार, अंधाऱ्या, खोल्याच खोल्या असलेल्या घरांनंतर हा मोठाच बदल होता.

या घरांच्या कथा सांगताना सहसा वास्तुशिल्पकाराचं नाव येतं आणि मालकाचं येतं. पण ही घरं ज्या विचारातून जन्मली, त्या विचाराचा नायक तिसराच होता: ज्याने रंधा मारला, वीट रचली, फरशी भाजली तो कारागीर. म्हणून या प्रकरणात घराकडे त्याच्या बाजूने पाहू.

विचाराचं बीज

एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये कारखान्यांनी वस्तू स्वस्त केल्या, पण वस्तू करणाऱ्या माणसाच्या हातून त्याचं काम काढून घेतलं. दिवसभर एकच दांडा ओढणाऱ्याला आपण काय घडवतोय ते दिसत नव्हतं. जॉन रस्किनने १८५०च्या दशकात ‘द स्टोन्स ऑफ व्हेनिस’ या ग्रंथात यावरच बोट ठेवलं. मध्ययुगीन चर्चमधलं ओबडधोबड शिल्प त्याला गुळगुळीत यंत्रकामापेक्षा मोलाचं वाटत होतं, कारण त्यात घडवणाऱ्याचं डोकं आणि मन होतं. विल्यम मॉरिसने हा विचार प्रत्यक्षात आणला. त्याच्यासाठी फिलिप वेबने लंडनजवळ बेक्सलीहीथ इथे बांधलेलं ‘रेड हाऊस’ १८६० साली तयार झालं. विटांवर गिलावा न चढवता त्या उघड्याच ठेवलेलं हे घर या चळवळीचं पहिलं घर मानतात. १८६१ मध्ये मॉरिसने मित्रांसह कंपनी काढली आणि भिंतीचे कागद, कापड, रंगीत काचा, फर्निचर करायला घेतलं. ‘आर्ट्स अँड क्राफ्ट्स’ हे नाव मात्र चळवळीला १८८७ मध्ये स्थापन झालेल्या प्रदर्शन संस्थेमुळे मिळालं.

या विचाराचे धागे मुंबईपर्यंत येतात. बेळगावात जन्मलेले जॉर्ज बर्डवुड हे मुंबईच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमशी, म्हणजे आजच्या भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाशी, त्याच्या उभारणीच्या काळापासून जोडलेले होते. त्यांच्या १८८०च्या ‘द इंडस्ट्रियल आर्ट्स ऑफ इंडिया’ या पुस्तकात गावातल्या कुंभार, विणकर, सुतारांच्या कामाचा मनापासून गौरव आहे. लॉकवुड किपलिंग १८६५ मध्ये जे. जे. कलाशाळेत शिकवायला आले. क्रॉफर्ड मार्केटच्या दर्शनी भागावरची उठावशिल्पं त्यांच्या कल्पनेतली. इंग्लंडमध्ये कारागिरी मरत चालली आहे असं वाटणाऱ्या या लोकांना ती भारतात अजून जिवंत दिसत होती. बसक्या छपराचं, ओसरीचं घरही इंग्रजांनी बंगालमध्ये पाहिलं, आपल्या छावण्यांत वापरलं आणि तिथून ते इंग्लंडमार्गे अमेरिकेत पोचलं.

मॉरिसची एक खंत शेवटपर्यंत राहिली. हाताने केलेलं काम महाग पडतं, त्यामुळे ज्या कष्टकऱ्यासाठी तो तळमळत होता त्याला मॉरिसच्या वस्तू परवडत नव्हत्या. हा पेच चळवळीबरोबर अटलांटिक ओलांडून गेला.

गुस्ताव स्टिकली आणि त्याचं मासिक

अमेरिकेत हा विचार घरोघरी नेला तो गुस्ताव स्टिकलीने. जन्म १८५८, विस्कॉन्सिन राज्यातला. वडील दगडकाम करायचे. न्यूयॉर्क राज्यातल्या सिराक्यूजजवळ त्याने फर्निचरचा कारखाना उभा केला आणि ऑक्टोबर १९०१ मध्ये ‘द क्राफ्ट्समन’ नावाचं मासिक काढलं. पहिला अंक मॉरिसला अर्पण केला, दुसरा रस्किनला. क्राफ्ट्समन घर हे नाव याच मासिकावरून रूढ झालं. मासिकात घरांचे आराखडे छापले जात आणि वर्गणीदाराला त्यांच्या नकाशाची प्रत मिळत असे. मासिकाच्या आयुष्यात असे दोनशेहून अधिक आराखडे प्रसिद्ध झाले.

स्टिकलीच्या कामाची ओळख त्याच्या ओक लाकडातून होते. ओंडका सरळ आडवा न कापता तो आधी चार फाळ्यांत चिरायचा आणि मग गाभ्याकडून सालीकडे फळ्या काढायच्या. असं केलं की लाकडातल्या आडव्या शिरा फळीच्या पृष्ठभागावर रुपेरी चट्ट्यांसारख्या उमटतात. शिवाय फळी कमी वाकते. पुढचं काम रंगाचं. स्टिकली रंग फासत नसे. तयार झालेली खुर्ची किंवा टेबल तो हवाबंद जागेत ठेवून तिथे तीव्र अमोनियाची वाफ कोंडायचा. ओकमध्ये मुळातच टॅनिन असतं. अमोनियाशी त्याची क्रिया झाली की लाकूड आतूनच तपकिरी होत जातं आणि शिरा झाकल्या जात नाहीत. लाकडाचा गुण लाकडातूनच बाहेर काढायचा, ही त्या कामामागची भूमिका होती.

स्टिकलीचा यंत्राला विरोध नव्हता. चिरकाम, रंधाकाम यांसारखी कंबरडं मोडणारी कामं यंत्राने करावीत आणि माणसाचा वेळ बारीक कामासाठी राखावा, असं त्याचं मत होतं. त्याच्या खुर्च्या कारखान्यातच तयार होत. पुढे त्याने हात फार पसरले. न्यू जर्सीत ‘क्राफ्ट्समन फार्म्स’ नावाची शेतवाडी घेतली. मुलांना शेती आणि हस्तकला शिकवणारी शाळा काढायचं मनात होतं. १९११ मध्ये तिथे ओंडक्यांचं मोठं घर उभं राहिलं. शाळा निघालीच नाही, कुटुंबच त्या घरात राहायला गेलं. १९१३ मध्ये त्याने न्यूयॉर्क शहरात बारा मजली इमारत भाड्याने घेतली आणि १९१५ मध्ये दिवाळखोरी जाहीर करावी लागली. १९१६च्या अखेरीस मासिकही बंद पडलं. १९४२ मध्ये तो वारला तेव्हा त्याचं फर्निचर लोक अडगळीत टाकत होते. त्याच्याच घरातला एक साइडबोर्ड १९८८ मध्ये लिलावात ३ लाख ६३ हजार डॉलरला गेला. घेणारी होती गायिका बार्बरा स्ट्रायसँड. क्राफ्ट्समन फार्म्स मात्र त्याच सुमाराला बिल्डरच्या हाती जायच्या बेतात होतं. १९८९ मध्ये तिथल्या नगरप्रशासनाने ते ताब्यात घेतलं आणि आज तिथे संग्रहालय आहे.

दोन भाऊ मालकांकडचे, दोन भाऊ हत्यारांकडचे

पॅसाडेनाच्या घरांशी ग्रीन बंधूंचं नाव जोडलेलं आहे: चार्ल्स समनर ग्रीन आणि हेन्री मॅथर ग्रीन. सेंट लुईसच्या ज्या शाळेत ते शिकले, तिथे पुस्तकांच्या जोडीला सुतारकाम आणि धातुकाम सक्तीचं होतं. पुढे दोघांनी बॉस्टनमध्ये वास्तुकलेचं शिक्षण घेतलं. १८९३ मध्ये आईवडिलांकडे कॅलिफोर्नियाला जाताना वाटेत शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात त्यांनी जपानी मंडप पाहिला. तुळया आणि सांधे हीच शोभा मानणारी ती लाकडी वास्तू त्यांच्या मनात घर करून राहिली.

डेव्हिड आणि मेरी गॅम्बल हे सिनसिनाटीचे. साबणासाठी प्रसिद्ध असलेल्या प्रॉक्टर अँड गॅम्बल कंपनीचं हे कुटुंब. हिवाळ्यात राहण्यासाठी त्यांनी ग्रीन बंधूंकडून घर बांधून घेतलं. दर्शनी दाराच्या तीन भागांत मिळून एकच पसरलेला ओकवृक्ष रंगीत काचेत उभा केला आहे. काचकाम एमिल लँगचं. झोपण्याच्या खोल्यांना लागून उघड्या ओसऱ्या आहेत. क्षयरोगाच्या त्या काळात मोकळ्या हवेत झोपणं आरोग्याचं मानलं जाई आणि दक्षिण कॅलिफोर्नियाकडे लोकांचा ओढा लागण्यामागे तिथली कोरडी हवा हे मोठं कारण होतं.

आता त्या घराच्या लाकडाकडे जवळून पाहू. कडांवर, कोपऱ्यांवर छोटे चौकोनी काळे ठिपके दिसतात. ते एबनीच्या लाकडाचे आहेत. नुसती नक्षी म्हणून ते बसवलेले नाहीत. पुष्कळ ठिकाणी त्यांच्याखाली स्क्रू आहे. लाकूड पावसाळी हवेत फुगतं, कोरड्या हवेत आकसतं. स्क्रू घट्ट आवळला तर फळी तडकते. म्हणून स्क्रूसाठी गोल भोक न पाडता लांबट खाच ठेवली, म्हणजे फळीला किंचित सरकायला वाव राहतो, आणि वरून एबनीची खुंटी बसवली. खुंटी पृष्ठभागाशी सपाट केलेली नाही. ती थोडी वर आहे आणि तिच्या कडा मऊ केल्या आहेत. अशा असंख्य खुंट्या कोणीतरी एकेक करून कापल्या, घासल्या, बसवल्या.

ते कोणीतरी म्हणजे पीटर हॉल, जॉन हॉल आणि त्यांचे कारागीर. पीटर हॉलचा जन्म स्वीडनमधला. जिने बांधण्यात त्याचा हातखंडा होता आणि घराचं कंत्राट त्याचं. भाऊ जॉन फर्निचरचं काम बघायचा. ग्रीन बंधू कागदावर रेघ काढत, पण ती रेघ सागवानात उतरवणं या मंडळींच्या हातात होतं. चार्ल्स ग्रीन कामावर हजर राहायचा, न पटलेलं काम पुन्हा करायला लावायचा. कागदावरचं आणि हातातलं ज्ञान इतकं जवळ आलं म्हणूनच ते घर असं झालं.

१९४०च्या दशकात गॅम्बलांची पुढची पिढी तिथे राहत होती. एकदा घर विकायचा विचार झाला. पाहायला आलेलं गिऱ्हाईक आतलं लाकूड पांढऱ्या रंगाने रंगवून घर उजळ करायच्या गोष्टी बोलू लागलं आणि कुटुंबाने विक्रीचा विचारच सोडून दिला. १९६६ मध्ये कुटुंबाने घर पॅसाडेना शहराला दिलं आणि सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सहभागाने ते सार्वजनिक झालं. त्यानंतर वास्तुकलेचे विद्यार्थी तिथे राहून शिकण्याची पद्धत सुरू झाली. ‘बॅक टू द फ्यूचर’ चित्रपटात १९५५ सालच्या डॉक ब्राऊनचं घर म्हणून बाहेरून दिसतं ते हेच.

आगगाडीने आलेलं घर

गॅम्बल हाऊस श्रीमंतांचं. सामान्य अमेरिकी माणसाच्या वाट्याला क्राफ्ट्समन घर आलं ते टपालाने. मिशिगनमधल्या अलॅडिन कंपनीने १९०६ मध्ये घराचे कापलेले भाग विकायला सुरुवात केली. शिकागोच्या सिअर्स, रोबक कंपनीने १९०८ मध्ये घरांचा कॅटलॉग काढला आणि १९४० पर्यंत सुमारे सत्तर हजार घरं विकली. गिऱ्हाइकाने चित्र बघून घर निवडायचं, पैसे भरायचे; मग जवळच्या स्टेशनावर मालडबा येऊन उभा राहायचा. त्यात मापाने कापलेले वासे, फळ्या, दारं, खिडक्या, खिळे, रंग असे हजारो भाग. प्रत्येक लाकडावर अक्षर आणि आकड्यांचा शिक्का असायचा, सोबत जुळवणीचं पुस्तक. हुशार गडी असला तर शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या मदतीने स्वतःच घर उभं करायचा.

इलिनॉयमधलं कार्लिनव्हिल हे गाव यासाठी प्रसिद्ध आहे. पहिल्या महायुद्धाच्या सुमाराला स्टँडर्ड ऑइल कंपनीने आपल्या कोळसा खाणींतल्या कामगारांसाठी सिअर्सची घरं एकगठ्ठा मागवली. त्यांतली दीडशेहून अधिक कार्लिनव्हिलमध्ये उभी राहिली आणि बहुतेक आजही नांदती आहेत.

सिअर्स घरासाठी कर्जही द्यायची. महामंदी आली, हप्ते थकले आणि कंपनीला आपल्याच गिऱ्हाइकांची घरं जप्त करायची वेळ आली. हा धंदा बसण्यामागे ते एक मोठं कारण. विक्रीच्या नोंदीही पुढे कंपनीने ठेवल्या नाहीत, त्यामुळे आज सिअर्सचं घर ओळखायचं तर तळघरात किंवा पोटमाळ्यावर विजेरी घेऊन वाशांवरचा तो शिक्का शोधावा लागतो.

इथे मॉरिसचा पेच पुन्हा भेटतो. कारागिराच्या हाताचा गौरव करणारं घर कारखान्यात कापलं जाऊ लागलं. पुष्कळ स्वस्त बंगल्यांत छताखाली दिसणाऱ्या जाड तुळया पोकळ असतात. पातळ फळ्यांची पेटी करून तुळईचा देखावा केलेला. वळचणीखालचे तिरके टेकूही कित्येकदा काहीच पेलत नाहीत. चळवळीच्या कसोटीला हे उतरत नाही. तरी मी या घरांना खोटी म्हणणार नाही. मजुराच्या कुटुंबाला ओसरी, उजेड, वारा आणि पुस्तकांचं कपाट मिळालं, हे मॉरिसला न साधलेलं काम याच घरांनी केलं.

दार सगळ्यांना उघडं नव्हतं

या सुंदर वस्त्यांच्या कागदपत्रांत एक काळी बाजू आहे. अनेक ठिकाणी खरेदीखतातच अट असायची की घर गोऱ्यांखेरीज कोणाला विकायचं किंवा भाड्याने द्यायचं नाही. पॅसाडेनातही अशा अटी सर्रास होत्या. पुढे बेसबॉलमध्ये इतिहास घडवणारा जॅकी रॉबिन्सन याच शहरात वाढला. त्याच्या आईने गोऱ्यांच्या गल्लीत घर घेतलं तेव्हा शेजाऱ्यांनी त्यांना हुसकायचा प्रयत्न केला. ती माऊली हटली नाही. १९४८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने न्यायालयांमार्फत या अटी राबवता येणार नाहीत असा निर्णय दिला. त्यानंतरच्या दशकांत शेजारच्या अल्टाडेनाच्या पश्चिम भागात कृष्णवर्णीय कुटुंबांनी जुने बंगले घेतले, जपले, मुलाबाळांना दिले. घराची कथा पूर्ण सांगायची तर कोणाला त्यात येऊ दिलं नाही, हेही सांगायला हवं.

घरं वाचली कशी

१९८५ मध्ये पॅसाडेनाला एक धक्का बसला. ग्रीन बंधूंनीच १९०७ मध्ये आराखडा केलेलं ब्लॅकर हाऊस टेक्सासमधल्या एका खरेदीदाराने घेतलं आणि आतले मूळ दिवे, काचकाम उतरवून बाहेर विकायला काढलं. घरापेक्षा घराचे तुकडे महाग झाले होते. शहर खवळलं आणि अशा घरांचे भाग काढून नेण्यावर बंधन घालणारा नियम तातडीने झाला. पुढच्या मालकांनी जुन्या छायाचित्रांवरून आणि सापडलेल्या मूळ दिव्यांवरून हुबेहूब प्रती करून घेतल्या. शंभर वर्षांपूर्वीचं काम पुन्हा करू शकणारे हात आजही आहेत, हे त्यातून सिद्ध झालं.

त्याच सुमाराला पॅसाडेनाच्या साध्या बंगल्यांच्या एका वस्तीत जुनं घर पाडून तिथे फ्लॅटची इमारत आली. रहिवासी एकत्र आले, घरोघरी फिरले, नगरपालिकेला पटवलं. १९८९ मध्ये ‘बंगलो हेवन’ ही वस्ती शहराचा पहिला संरक्षित विभाग ठरली. आठशेहून अधिक घरं, बहुतेक मध्यमवर्गीयांची. एखाद्या घराला संग्रहालय करणं सोपं असतं. लोक राहत असलेली अख्खी वस्ती जपणं कठीण, आणि ते तिथल्या शेजाऱ्यांनी करून दाखवलं.

७ जानेवारी २०२५ रोजी ईटन कॅन्यनजवळ आग लागली. वाऱ्याने ती अल्टाडेनात शिरली. नऊ हजारांहून अधिक इमारती गेल्या, त्यांत शंभर वर्षांचे कितीतरी बंगले होते. जिथे घर होतं तिथे राखेतून फक्त धुराडं उभं दिसत होतं. पण अनेक धुराड्यांच्या पायथ्याशी फायरप्लेसच्या फरशा शाबूत होत्या. त्यांतल्या बऱ्याच अर्नेस्ट बॅचेल्डरच्या. कलाशिक्षक असलेल्या बॅचेल्डरने पॅसाडेनात आपल्या घरामागे भट्टी घालून १९१०च्या सुमाराला फरशा करायला घेतल्या होत्या. मातट तपकिरी रंग, त्यावर मोर, वेली, झाडं यांचा हलका उठाव. मुळात भट्टीत भाजलेल्या असल्यामुळे त्या आगीतही टिकल्या. मलबा हलवणारी यंत्रं येण्याआधी त्या वाचवायच्या म्हणून स्वयंसेवक आणि गवंडी पुढे आले. मास्क, हातमोजे घालून ते राखेत बसले, छिन्नीने चुना सोडवत एकेक फरशी काढली, तिच्या जागेचा क्रमांक लिहिला, खोक्यात भरली आणि घरमालकाला परत देण्यासाठी जपून ठेवली. आता ही घरं पुन्हा बांधताना शंभर वर्षांपूर्वीची ती फायरप्लेस नव्या भिंतीत बसवता येईल.

घर वाचायचं असेल तर

जुन्या घराची कथा शोधायला मोठी विद्वत्ता लागत नाही. अमेरिकेत शहराच्या बांधकाम परवान्यावर अनेकदा मालकाबरोबर कंत्राटदाराचंही नाव सापडतं. विमा कंपन्यांसाठी तयार केलेल्या सॅनबॉर्न नकाशांत कोणती भिंत विटेची, कोणती लाकडाची, ओसरी कुठे होती, हे कळतं. जनगणनेच्या जुन्या कागदांत घरात राहणाऱ्या प्रत्येकाचं नाव आणि काम असतं. मालकाच्या खाली भाडेकरू आणि मोलकरीणही भेटते. बाकी गोष्टी घर स्वतः सांगतं: लाकडावरचा शिक्का, फरशीच्या पाठीवरचं नाव, रंध्याची खूण.

दक्षिण कॅलिफोर्नियात राहणाऱ्या किंवा मुलांकडे तिकडे जाणाऱ्या मराठी वाचकांनी गॅम्बल हाऊस जरूर पाहावं आणि मार्गदर्शकाला हॉल बंधूंबद्दल विचारावं. मात्र हे काम पॅसाडेनापुरतं नाही. आपल्याकडे कोकणातलं चौपाखी घर, देशावरचा वाडा, गोव्यातलं राजांगणाचं घर यांच्या मालकांची सात पिढ्यांची वंशावळ मिळते. तुळई घडवणाऱ्या सुताराचं, जोतं बांधणाऱ्या गवंड्याचं नाव क्वचितच कोणी लिहून ठेवलेलं असतं. गावात अजून त्यांची मुलं-नातवंडं असतील. घर पाडायचं ठरलं असेल तर त्याआधी, आणि राखायचं ठरलं असेल तर आजच, त्यांना गाठा, नाव विचारा आणि घराच्या कागदपत्रांत मालकाच्या नावाखाली ते लिहा.